घरच्या भाजीवरची कीड: तुमचे अनुभव लिहा

ठाण्यातल्या आमच्या गच्चीत वांग्याची सहा रोपं आहेत. पाणी रोज, ऊन भरपूर, तरी गेल्या आठवड्यात एकेक शेंडा मान टाकायला लागला. उन्हानं असेल म्हणून सोडून दिलं. काल एक शेंडा नखानं उभा चिरला, तर आत पोकळी, ओलसर भुसा आणि गुलाबीसर अळी! मुलगी टोमॅटो झाडावरून तोडून तसाच तोंडात टाकते, त्यामुळे रासायनिक औषध गच्चीत आणायचं नाही हे ठरलेलं आहे. तुमच्या भाज्यांवर काय आलं, कशानं फरक पडला, ते लिहा. कशानं पडला नाही, तेही लिहा.

नाशिक
ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. एकदा आत शिरली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. मी निंबोळी अर्क चार वेळा मारला, शेंडे वाळतच राहिले. फरक पडला तो कात्रीनं. मलूल शेंडा दिसला की त्याच दिवशी पोकळीच्या बोटभर खालून कापायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचा. कंपोस्टात टाकू नका, अळी बाहेर पडून कोष करते. फळं धरली की ती फळांत शिरते, म्हणून आत्ताच मागे लागा.

दापोली
आमच्या मांडवावर पावसाळ्यात पडवळ, दोडकी, काकडी असते. बी रुजून दोन पानं येतात न येतात तोच लाल भुंगेरे पानांची चाळण करतात. सासूबाई चुलीतली राख चाळून घेतात आणि पहाटे पानं ओली असताना भुरभुरतात. सर आली की राख धुऊन जाते, मग पुन्हा. पहाटे भुंगेरे सुस्त असतात, हातानंही वेचता येतात. वेलाला पाच-सहा पानं झाली की तो तग धरतो, म्हणजे जागता पहारा सुरुवातीच्या दिवसांतच.

कोल्हापूर
माझी लढाई फळमाशीशी. दोन वर्षं एकही धड कारलं ताटात आलं नाही. बोटाएवढं झालं की एका बाजूनं वाकडं, मग पिवळं, आणि चिरलं की आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. माशी कोवळ्या सालीखाली अंडी घालते, त्यामुळे डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. किडकी कारली मी वेलाखालीच टाकत होतो. अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि नव्या माश्या तिथूनच येतात, हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. मीच त्या पोसत होतो.

तिसऱ्या वर्षी तीन गोष्टी केल्या. गळालेलं प्रत्येक फळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवलं. वेलाजवळ क्यू ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा टांगला. त्यात फक्त नर येतात, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. आणि फूल गळताच प्रत्येक कारल्यावर वर्तमानपत्राची पिशवी चढवून देठाशी सुतळीनं बांधली. रोज संध्याकाळचा अर्धा तास यात जातो. पहिलं सरळ, हिरवंगार कारलं आईच्या हातात दिलं, तिनं ते देवापुढे ठेवलं.

नागपूर
चवळीच्या शेंगांवर काळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, होता. त्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, पिटुकल्या सुसरीसारख्या अळ्या फिरत होत्या. मी त्या सगळ्या चिरडल्या. त्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या होत्या, माव्यावरच जगणाऱ्या. अजून हळहळ वाटते. आता मावा दिसला की आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग कुंडीवर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त. मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात त्याची राखण करतात.

सांगली
मिरचीची पानं वर वळली तर बहुधा फुलकिडे, उलट्या होडीसारखी खाली वळली तर कोळी कीड (माइट). माझ्याकडे फुलकिडे होते. 50 ग्रॅम निंबोळी भरडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवली, गाळून थोडा साबण घातला आणि पानांच्या मागून फवारलं. ऊन उतरल्यावरच फवारा, उन्हानं अर्काचा जोर जातो. आठवड्यानं परत.

न्यू जर्सी
इथे टोमॅटोवर बोटाएवढी हिरवी अळी येते, मागे शिंग असलेली. एका रात्रीत फांदी बोडकी! मागच्या उन्हाळ्यात एकीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष उभे दिसले. ते एका परोपजीवी गांधीलमाशीचे. अशी अळी मारू नका, तशीच राहू द्या. कोषांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्या गाठतात. घेवड्यावरचे जपानी भुंगेरे मात्र मी सकाळी साबणाच्या पाण्यात झटकते. अमेरिकेत ते पहिल्यांदा 1916 साली आमच्याच राज्यात सापडले होते.

ठाणे, पुन्हा मीच
सगळ्यांचे मनापासून आभार. सात शेंडे कापले. दोन ठिकाणी खालच्या बगलेतून फुटवे आले आहेत. आज पानं उलटून पाहिली, तर तीन पानांमागे टाचणीच्या टोकाएवढी दुधट अंडी होती. बोटानं पुसून टाकली. उद्या सकाळी पुन्हा बघते.