सॉलिडवर्क्स (3D डिझाइन सॉफ्टवेअर): पार्ट सब-असेंब्लीत हलवला की मेट आणि पॅटर्न उडतात

पट्टा_रोलर:
बेल्ट कन्व्हेयरच्या मुख्य असेंब्लीत मोटर ब्रॅकेट आणि एम10 चे 4 बोल्ट सुटे आहेत. गियरबॉक्स मात्र 'ड्राइव्ह' सब-असेंब्लीत (मुख्य असेंब्लीतली छोटी जोडणी). बीओएमसाठी (भागांची यादी) पाचही नग ड्राइव्हमध्ये हवेत. ट्रीमध्ये (बाजूची भागांची रचना) ब्रॅकेट ओढला की काही मेट (पार्ट एकमेकांना बांधणारी बंधनं) आणि बोल्टचा पॅटर्न (मूळ बोल्टवरून काढलेल्या प्रती) डिलीट होणार, असा इशारा येतो. ड्राइव्ह दोनदा वापरलेली आहे. सगळं नव्याने मेट न करता जमेल का?

ट्री_सफाई:
थोडं करावंच लागेल. आधी पॅक अँड गोने (सगळ्या जोडलेल्या फाइली एकत्र कॉपी करणारी सोय) कॉपी काढा आणि लाइटवेट, म्हणजे अर्धवट लोड झालेले, पार्ट रिझॉल्व्ह करा. मग ब्रॅकेट आणि मूळ बोल्ट कंट्रोल दाबून एकत्र निवडा, टूल्स > रीऑर्गनाइज कंपोनंट्स, डेस्टिनेशन ड्राइव्ह. एकेक पार्ट ओढत बसू नका, घोळ तिथेच होतो. ऑल्ट दाबून ओढलंत तर फक्त क्रम बदलतो, पार्ट आत जात नाही.

पॅटर्न गेला तर जाऊ द्या. ब्रॅकेटची भोकं पॅटर्न फीचरने केलेली असतील तर ड्राइव्ह उघडून पॅटर्न-ड्रिव्हन पॅटर्न (भोकांच्या पॅटर्नप्रमाणे बोल्ट बसवणारा) लावा, एका मिनिटाचं काम.

नंतर ड्राइव्ह स्वतंत्र विंडोत उघडा. ब्रॅकेटपुढे (-) दिसलं, म्हणजे तो अजून मोकळा असला, तर ब्रॅकेट–गियरबॉक्स मेट आत द्या आणि वर उरलेला तोच मेट काढून टाका. सब-असेंब्ली मुळात रिजिड, म्हणजे एकसंध, असते. वरचा मेट तिच्यातल्या एकट्या पार्टला हलवत नाही, अख्खी ड्राइव्ह ओढतो.

पट्टा_रोलर:
केलं. आता ड्राइव्हपुढे (+) आलंय.

ट्री_सफाई:
(+) म्हणजे बंधनं जास्त झालीत. ब्रॅकेट–फ्रेम मेट वरच राहिलाय. ड्राइव्हला फ्रेमशी स्वतःचे मेट आहेतच, दोघांची ओढाताण चाललीय. ब्रॅकेट–फ्रेमवाला सप्रेस (न काढता बंद) करून बघा.

बीओएम_वाला:
फाइल एकच, त्यामुळे ब्रॅकेट आता दोन्ही ड्राइव्हमध्ये आलाय. दुसऱ्या ड्राइव्हचा सुटा ब्रॅकेट वर तसाच असेल तर बीओएममध्ये 2 ऐवजी 3 मोजले जातील. तो आणि त्याचे बोल्ट काढा. दुसरीत ब्रॅकेट नकोच असेल तर ड्राइव्हमध्ये वेगळं कॉन्फिगरेशन (त्याच फाइलचं दुसरं रूप) करून तिथे सप्रेस करा. एक्सप्लोडेड व्ह्यू (भाग सुटे करून दाखवणारं दृश्य) आणि ड्रॉइंगमधले बलूनही (भागांचे क्रमांक दाखवणारी वर्तुळं) तपासा, सुटलेले असू शकतात.