वजन बरोबर, पण पोट सुटलेलं: कंबर नेमकी कुठे मोजायची?

कातळशिल्प
उंची १६८ सेंमी, वजन ६३ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. तक्त्याप्रमाणे ठीक. पोट मात्र पुढे आलंय. पँट ३४ इंची, म्हणजे ८६ सेंमी. पुरुषांच्या ९० च्या मर्यादेत बसतं. एवढं धरून चालेल का? आणि रोज शंभर क्रंचेस मारले तर पोट उतरेल?

निरगुडी
पँटचा नंबर अजिबात धरू नका. पोट सुटलं की पँट बेंबीखाली सरकते आणि पट्टा ओटीपोटावर बसतो. शिवाय तयार पँटचा ३४ टेपवर बरेचदा ३५-३६ भरतो.

सकाळी उपाशीपोटी, उघड्या अंगावर मोजा. कुशीत सगळ्यात खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा, डावीकडे आणि उजवीकडेही. टेप त्या खुणांवरून न्या. पाठीमागे ती हमखास खाली घसरते, म्हणून आरशात बघा. टेप त्वचेला टेकावी, रुतू नये. सहज श्वास सोडून आकडा वाचा; पोट आत ओढलंत तर मोजणं फुकट.

आपल्याकडे मर्यादा पुरुषांना ९०, स्त्रियांना ८० सेंमी. दुसरा ताळा म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमचे निम्मे ८४. म्हणजे ८६ खरे मानले तरी तुम्ही पलीकडेच आहात.

अनुस्वार
२२.३ हा आकडा पाहून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी हाच होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आकड्यांसकट छापून आला.

चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. जास्त त्रास देते ती आतड्यांभोवतीची. तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं, सोबत मेदाम्लं नेतं. त्यातून फॅटी लिव्हर, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), इन्सुलिनला दाद न देणारं शरीर. एका अभ्यासात लायपोसक्शनने (चरबी शोषून काढायची शस्त्रक्रिया) पोटावरची साधारण १० किलो चरबी काढूनही इन्सुलिनचं काम सुधारलं नव्हतं, कारण आतली जागच्या जागी होती.

निरगुडी
क्रंचेसने स्नायू घट्ट होतात, वरची चरबी तिथल्या तिथे जळत नाही. भरभर चाला, ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतक्या वेगाने. दोन दिवस जोर-बैठका. आतली चरबी व्यायामाने लवकर हलते, वजनकाटा ढिम्म असला तरी. म्हणून महिन्यातून एकदा टेपच लावा.

दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. आधी ती तोडा. मग एक पोळी कमी, एक वाटी उसळ जास्त.

कातळशिल्प
खुणा करून मोजली: ९३.५.

अनुस्वार
मग उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एएलटी (यकृताची तपासणी) करून घ्या. साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा वर, किंवा एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० च्या खाली असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबही मोजून घ्या.