एक्झिमासाठी बायोलॉजिक इंजेक्शन कुणी घेतलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे. धाकट्या भावाला लहानपणापासून एक्झिमा आहे, पण आता कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे कातडं अगदी जाड काळं पडलंय, रात्रभर खाजवतो आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. स्टिरॉइडची मलमं झाली, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या) झालं, गोळ्या बंद केल्या की परत जैसे थे. त्यात काम यंत्रमागावर, घाम आणि कापसाची धूळ, सांगायलाच नको.

आता स्किनच्या डॉक्टरांनी ड्युपिलुमॅब हे बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) इंजेक्शन सुचवलंय. त्यांनी सांगितलं की हे सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाही, खाज-सूज वाढवणारे आयएल-४ आणि आयएल-१३ हे दोनच सिग्नल अडवतं. पहिल्यांदा ६०० मिग्रॅ, मग दर दोन आठवड्यांनी ३०० मिग्रॅ, पोटावर किंवा मांडीवर घरीच टोचता येतं म्हणे. अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी २०१७ पासून मान्यता आहे.

कुणी घेतलं असेल तर प्लीज सांगा, खाज किती दिवसांत कमी झाली? डोळे लाल होऊन चुरचुरतात म्हणतात, तेव्हा काय केलं? आणि हे २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, पुण्याहून आणायचं तर मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, बर्फाच्या डब्यात आणलं तर गोठून खराब तर होणार नाही ना? खर्चाचा आकडा ऐकूनच आई गप्प झालीये, मेडिक्लेममध्ये कुणाचं पास झालंय का? कडुनिंबाचा पाला, गोमूत्र वगैरे कृपया सुचवू नका, सगळं करून झालंय.