चिकटून बसलेली जुनी फरशी कशी काढावी – अनुभव धागा

घराचं काम काढलं की सगळे नव्या फरशीच्या डिझाइनवर बोलतात, जुनी कशी निघणार यावर कुणीच बोलत नाही. ज्यांनी हे काम हाताने केलंय किंवा उभं राहून करून घेतलंय, त्यांनी फरशीखाली काय निघतं आणि त्याला कोणतं हत्यार चालतं ते लिहावं. मजुरीचे दर नकोत, ते गावागणिक बदलतात.

साइट सुपरवायझर, ठाणे

आधी एकच फरशी काढून खालचा थर बघा, हत्यार नंतर ठरवा. दाराजवळची किंवा ठोकल्यावर बद वाजणारी फरशी निवडा. ग्राइंडरला 4 इंची डायमंड ब्लेड लावून चारी बाजूंचे सांधे मोकळे करा. ब्लेड फरशीच्या जाडीइतकंच, म्हणजे 8 ते 10 मिमी आत जाऊ द्या. मग मधोमध फोडून ठिकऱ्या उचला.

खाली दीड-दोन इंच सिमेंट-वाळूचा माल दिसला, तर फरशी मालासकट निघते. मालाच्या खालून पहार घातली की झालं. तुटलेल्या तुकड्याच्या पाठीला राखाडी, कंगव्याने ओढल्यासारख्या दातेरी रेघा असतील, तर ते केमिकल, म्हणजे टाइल अॅडहेसिव्ह. ते कधीकधी जुन्या फरशीवरच लावलेलं असतं, तसं निघालं तर दोन थर काढायचे आहेत असं समजून दिवस धरा.

लादीकाम, पुणे

वरच्यात भर. व्हिट्रिफाइड फरशी पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटवर) बसवलेली असेल तर अख्खी सुटून येते. सिरॅमिक जास्त पाणी पिते, स्लरी तिच्या पाठीत मुरते, म्हणून दिसायला हलकी असूनही तीच जास्त त्रास देते.

फोडायचं मशीन (डिमॉलिशन हॅमर) 5 किलोच्या आसपासचं घ्या, पुढे रुंद चपटी छिन्नी लावा. टोकदार छिन्नी फरशीला भोक पाडते, सोडवत नाही. छिन्नी फोडलेल्या कडेतून फरशीच्या खाली, साधारण 30 अंशात तिरकी धरा. उभी धरली की धक्का थेट स्लॅबमध्ये जातो, फार आडवी केली की वरून घसरते. चार-पाच सेकंद चालवा, थांबा, दोन बोटं सरका. एकाच जागी दाबून धरल्याने फक्त भुगा होतो.

10-15 किलोचा ब्रेकर फ्लॅटमध्ये आणूच नका. जुन्या इमारतीत स्लॅब साधारण 4 ते 5 इंचांचा, सळीवर काँक्रीटचं आवरण जेमतेम 15-20 मिमी. तुळईच्या आसपास सळ्या स्लॅबच्या वरच्या अंगालाच असतात. तिथे टवका उडाला की सळी उघडी पडते, आणि खालच्या घराच्या छताचा गिलावा सुटतो तो वेगळाच. भिंतीपासून दीड-दोन फुटांचा पट्टा हातोडा-छिन्नीनेच काढावा.

रंग व वॉटरप्रूफिंग, नाशिक

फरशी निघाल्यावर चिकटून राहिलेलं केमिकल छिन्नीने खरवडत बसू नका. ग्राइंडरवर डायमंड कप व्हील (काँक्रीट घासायची वाटीसारखी चकती) चढवून घासा, धूळ ओढणारं झाकण आणि व्हॅक्यूम लावून. ही धूळ सिलिकाची आहे, फुफ्फुसात बसते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्क हवाच, बिगारी मंडळींनासुद्धा. मास्क देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे.

अॅसिड ओतून केमिकल सोडवायचा सल्ला ऐकू नका. अॅसिड स्लॅबचं सिमेंटही खातं, सळीला गंज चढवतं आणि नव्या फरशीची पकड घालवतं. इपॉक्सी असेल तर मात्र हीट गनने ऊब द्या. ते मऊ पडलं की पात्याने लांब पट्ट्यांत निघतं, गार होण्याआधी उचला.

बाथरूममध्ये पहिलं काम म्हणजे नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) तोंडात गोणपाट कोंबणं. फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, ड्रेनेजचे पाइप त्यातूनच गेलेले असतात. म्हणून तिथे मशीन फरशीपुरतंच. फरशी निघाली म्हणजे जुनं वॉटरप्रूफिंग गेलं असंच धरा. नव्या कोटिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर चढवून, आणि पाणी भरून किमान 48 तास गळती बघा. भिंतीच्या टाइल्स वरच्या ओळीपासून खाली काढा. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) असेल तर मशीन नको, टाइलबरोबर ब्लॉकचे लचके येतात.

म्हापसा

जुन्या घरांतल्या नक्षीच्या सिमेंट फरश्या फोडू नका, कळकळीने सांगते. त्या चुन्याच्या मालावर असतील तर माल मऊ असतो. कडेची एक फरशी बळी द्या, मग बाकीच्यांखाली पातळ पहार सरकवून हलक्या हाताने उचला. पाठीचा चुना पाण्यात भिजवून तासा. रंगाचा थर वरचे काही मिलिमीटरच असतो, तोंडाला तारेचा ब्रश लावायचा नाही. उभ्या रचा. आडव्या थप्पीत खालच्या फरश्यांच्या कडा जातात.

न्यू जर्सी

इथे 1980 पूर्वीचं घर असेल आणि फरशी 9 बाय 9 इंचांची लवचीक टाइल, खाली काळा डांबरी गोंद, तर हात लावू नका. दोन्हींत अॅस्बेस्टॉस (फुफ्फुसाला घातक तंतू) असण्याची शक्यता मोठी. आधी प्रयोगशाळेत नमुना द्या. घासणं, कोरडं खरवडणं पूर्ण वर्ज्य. शाबूत असेल तर झाकून वर नवी फरशी घालणं हाच बरा मार्ग.

सोसायटीची कामं पाहणारा, मुंबई

राडारोड्याचा हिशोब कुणी लिहिला नाही. 10 बाय 10 ची खोली, माल धरून 2 इंच काढले तर जवळपास 1 टन निघतो. अर्ध्या भरलेल्या सिमेंटच्या गोण्या, 25 किलोच्या, 40 होतात. राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचं वजन धरून आखलेला असतो. म्हणजे एका चौरस मीटरवर 8 गोण्या, त्याहून जास्त नाहीत, आणि त्याही भिंतीलगत पसरून. कोपऱ्यात थप्पी लावू देऊ नका, रोजचा माल रोज खाली उतरवा. बाल्कनीत एकही गोणी नको.