मातीची पट्टी आणि डिग्री

"पोटावर चिखल थापायला आणि उपाशी ठेवायला डिग्री कशाला?" असं निसर्गोपचाराबद्दल कुणीतरी विचारलंय. अहो, बीएनवायएसला, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीला, साडेचार वर्षं आणि वर १ वर्ष इंटर्नशिप असते. शरीररचनेपासून सगळं शिकावं लागतं. आठवड्याचं शिबिर करून पाटी लावणाऱ्यांबद्दल बोलत असाल तर मान्य.

माझी आई इन्सुलिनवर. निसर्गोपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी शुगर तपासली, डोस विचारला आणि उपवासाला साफ नकार दिला. "तुम्ही ज्वारीची भाकरी नि दुधी खा, इन्सुलिन चालूच ठेवा." मातीची गार पट्टी पोटावर वीस मिनिटं. आई म्हणे, फ्रीजमध्ये निजल्यासारखं वाटतं! मधुमेह गेला का? छे. बद्धकोष्ठ मात्र गेलं. गांधीजींनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तोही गावातल्या गरिबांसाठी. अशा केंद्रांचे आताचे दर बघून मात्र घाम फुटतो.