जुलैच्या सुट्टीत ऊडनाडट्टा ट्रॅक: डिझेल आणि पाणी किती घ्यावं?

ॲडलेडकर_७: नमस्कार मंडळी. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मरी ते मार्ला असा पूर्ण ऊडनाडट्टा ट्रॅक, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागातला लांब कच्चा रस्ता, गाडीनं करायचा आहे. आम्ही दोघं, ५ आणि ९ वर्षांची मुलं आणि सासूबाई. गाडी डिझेल प्राडो, मुक्काम तंबूत, जेवण शाकाहारी. डिझेलचे जेरीकॅन किती न्यावेत? पाणी किती लागेल?

खडीवाट: जेरीकॅन नकोतच. मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडट्टा, मार्ला या चारही ठिकाणी डिझेल मिळतं आणि मधला प्रत्येक टप्पा २००-२१० किमीचा आहे. लादलेली गाडी खडीवर शंभर किलोमीटरला १४ लिटर प्यायली तरी टप्प्याला ३० लिटर पुरतात. भाव चढा असतो, तरी प्रत्येक पंपावर टाकी भराच; पुढचा रस्ता बंद निघाला तर आल्या वाटेनं परतावं लागतं.

खरी काळजी टायरची करा. डांबरावर टायरमध्ये हवेचा दाब ३८ पीएसआय ठेवत असाल तर मरीला गाडी थंड असताना २८-३० वर आणा आणि ताशी ७०-८० च्या वर जाऊ नका. हवा जास्त असली की टायर दबत नाही आणि अणकुचीदार दगड सरळ आत घुसतो. हवा कमी आणि वेग जास्त असला की बाजूची भिंत तापून फाटते, आणि तिथं पंक्चरचा प्लग टिकत नाही. तासभर चालवून पुन्हा मोजा. थंड असतानापेक्षा ४ पीएसआयच्या आसपास वाढ ठीक. त्याहून बरीच जास्त वाढली तर वेग कमी करा किंवा थोडी हवा भरा. कॉम्प्रेसर, प्लगचा संच आणि शक्य तर दुसरी स्टेपनी हवी. जॅकखाली ठेवायला जाड प्लायवुडचा तुकडा घ्या, नाहीतर मऊ मातीत जॅकच खाली जातो. चाक बदललं की ५०-१०० किमीवर नट पुन्हा आवळायचे.

रस्त्यावरच्या आडव्या लाटांनी गाडी सतत थरथरते. कॅरिअरचे बोल्ट आणि बॅटरीची पट्टी रोज संध्याकाळी हातानं हलवून बघा, ढिली झालेली लगेच कळते.

माळरान: पाणी माणशी रोज ५ लिटर पिण्या-स्वयंपाकाला, म्हणजे तुमचे २५. भांडी-हातपाय धरून ३०. वाटेत अडकलात तर दोन दिवसांचं शिल्लक हवं, म्हणून २० लिटरचे चार-पाच कॅन घ्या. एकच मोठी टाकी नको. ती फुटली तर सगळंच गेलं. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेव्हा कॅन टपावर न चढवता मागच्या सीटला टेकून खाली बांधा. बोअरचं पाणी खारट असतं, ते धुण्यापुरतंच.

सासूबाई आहेत तर पहिला मुक्काम कॉवर्ड स्प्रिंग्सला करा. मरीपासून साधारण १३० किमी. शौचालय आहे, लाकडावर तापवलेल्या पाण्याचा शॉवर आहे, झऱ्याच्या हौदात बसता येतं. रेल्वेच्या काळातली खजुराची झाडं अजून उभी आहेत. त्याच्या थोडं अलीकडे ‘बबलर’ झरा आहे, तळाच्या वाळूतून पाणी बुडबुडत वर येताना दिसतं. मुलं तिथून हलणार नाहीत, वेळ हाताशी ठेवा. ऊडनाडट्टाच्या अलीकडे अल्जेबकिनाचा जुना रेल्वेपूल बघण्यासारखा आहे, पण तिथं मुक्काम केलात तर सोय काहीच नाही. शौचाला पाण्यापासून १०० मीटर लांब, वीतभर खोल खड्डा. कोरड्या ओढ्यात तंबू नको, आणि गुरांच्या पाणवठ्याजवळही नको. माणसं दिसली की गुरं पाण्यावर येत नाहीत.

जुलैत तिथं हिवाळा, रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. हवेच्या गादीखालून गारठा लागतो, तिच्यावर फोमची चटई अंथरा. शेगडी तंबूत पेटवायची नाही, कितीही थंडी असो. प्रेशर कुकर मात्र न्याच, खिचडीला गॅस आणि पाणी दोन्ही कमी लागतं.

ॲडलेडकर_७: मनापासून आभार. पाऊस आला तर? आणि फोन लागत नाही तिथं मदत कशी मागायची?

खडीवाट: थोड्या पावसातही माती चिकणी होते, चाकाच्या कमानीत घट्ट बसते आणि चाक फिरेनासं होतं. रोज सकाळी राज्य सरकारचा आउटबॅक (दूरच्या ओसाड भागातल्या) रस्त्यांचा अहवाल बघा. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, वर विम्याचीही अडचण. विल्यम क्रीकहून कूबर पीडी गावाकडे सुमारे १६५ किमीचा फाटा आहे, पण तोही कच्चाच. तो उघडा आहे का तेही त्याच अहवालात बघा. एखादा दिवस राखीव ठेवा.

गावं सोडली की फोनवर भिस्त नको. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत बचाव पथकाला तुमचा ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र घ्या. नोंदणी फुकट असते, त्यात गाडीचं वर्णन आणि प्रवासाचा मार्ग टाका. जिवावर बेतलं तरच तो सुरू करायचा. साध्या बिघाडासाठी सॅटेलाइट फोन भाड्यानं घ्या. यूएचएफ रेडिओ (गाडीतून आसपासच्या गाड्यांशी बोलायचा) ४० नंबरच्या चॅनेलवर ठेवा, ट्रकवाले त्यावरच असतात. गाडी बंद पडली तर सोडून चालत निघू नका. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. सासूबाईंची औषधं ठरल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या.