मदत हवी आहे: एनएसजीए-२ वापरून मायक्रोकंट्रोलरसाठी न्यूरल नेटवर्क शोधताना परेटो फ्रंट निरुपयोगी टोकाकडे सरकतो

नमस्कार,

इंटरनेटशिवाय चालणारा आणि आवाजाने दिवे-पंखे चालू-बंद करणारा स्विच मी तयार करते आहे. ज्यांना अंथरुणातून उठणे कठीण जाते त्यांच्या हाती तो पडावा, अशी मनापासून इच्छा आहे. शब्द ओळखणारे न्यूरल नेटवर्क कॉर्टेक्स-एम४ जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर बसवायचे असून बाकीचे काम वजा जाता नेटवर्कसाठी ४० केबी, म्हणजे ४०,९६० बाइट रॅम उरते. मराठी शब्दांची ध्वनिमुद्रणे अजून जमवते आहे. तोपर्यंत गूगलच्या ‘स्पीच कमांड्स’ या खुल्या संचाच्या दुसऱ्या आवृत्तीवर (३५ शब्द, १,०५,८२९ ध्वनिमुद्रणे) रचना पक्की करावी असे ठरवले आहे. एक सेकंदाच्या आवाजाचे ४० मिलिसेकंदांचे तुकडे २० मिलिसेकंद सरकत घेतले आणि प्रत्येकाचे १० एमएफसीसी गुणांक (आवाजाची वैशिष्ट्ये सांगणारे आकडे) काढले, की ४९ × १० आकड्यांचा तक्ता मिळतो. तोच नेटवर्कचा इनपुट आहे.

लेयर किती, प्रत्येक लेयरमध्ये चॅनल किती, फिल्टरचा आकार काय आणि स्ट्राइड (फिल्टर एका वेळी किती घरे सरकतो) कुठे द्यायचा, हे सारे शोधण्याचे काम मी एनएसजीए-२ कडे, म्हणजे अनेक उद्दिष्टे एकाच वेळी सांभाळत पिढ्यान्‌पिढ्या चांगले उमेदवार निवडणाऱ्या शोधपद्धतीकडे, सोपवले आहे. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत २०१९ च्या ‘एनएसजीए-नेट’ मध्ये नेटवर्कच्या रचनेसाठी वापरली गेली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला. उद्दिष्टे तीन आहेत: व्हॅलिडेशनमधील (शिकवताना न वापरलेल्या नमुन्यांवरील) चूक, रॅमची कमाल गरज आणि प्रत्यक्ष बोर्डावर मोजलेला वेळ. गुणाकार-बेरजांची संख्या मुद्दाम घेतली नाही, कारण डेप्थवाइज कॉन्व्होल्यूशनमध्ये (प्रत्येक चॅनलवर वेगळा फिल्टर चालवणाऱ्या लेयरमध्ये) ती फार कमी दिसते, पण वेळ त्या प्रमाणात वाचत नाही.

खरी अडचण परेटो फ्रंटच्या, म्हणजे ज्यांच्यापेक्षा सर्व उद्दिष्टांत सरस असे दुसरे कोणी नाही अशा नेटवर्कांच्या संचाच्या, आकाराची आहे. अगदी चिमुकल्या नेटवर्कपेक्षा कमी रॅम आणि कमी वेळ कोणालाच लागत नसल्यामुळे, ते कितीही चुकले तरी दुसरे कोणी त्याच्यावर मात करू शकत नाही. शिवाय क्राउडिंग डिस्टन्स (गर्दीपासून दूर असलेल्यांना प्राधान्य देणारे माप) टोकाच्या उमेदवारांना नेहमीच जपते. पिढ्यांमागून पिढ्या जातात आणि जवळजवळ निम्मी जागा अशा नेटवर्कांनी भरते, की जी दर चार शब्दांपैकी किमान एक शब्द चुकतात. मला हव्या असलेल्या भागात, म्हणजे ४० केबीच्या आतल्या सर्वांत अचूक नेटवर्कांच्या आसपास, शोध विरळच राहतो.

त्यात रॅमचा स्वभाव पायऱ्यांचा आहे. उदाहरण देते. पहिल्या लेयरला ६४ चॅनल आणि दोन्ही दिशांना २ चा स्ट्राइड दिला, तर तिचे आउटपुट २५ × ५ × ६४, म्हणजे आठ बिटांत ८,००० बाइट होते. पुढची लेयर तेवढीच असेल तर दोन्ही एकाच वेळी रॅममध्ये राहून १६,००० बाइट लागतात. स्ट्राइड १ ठेवला, की पहिले आउटपुट ३१,३६० बाइटचे होते. दुसऱ्या लेयरमध्ये २ चा स्ट्राइड घेतल्यास एकूण ३९,३६० बाइट लागून ते जेमतेम मावते, न घेतल्यास ६२,७२० होऊन हाताबाहेर जाते. कमाल गरज अशी एकाच जोडीवर ठरत असल्यामुळे शेवटच्या लेयरमध्ये कितीही बदल झाले तरी रॅमचा आकडा बहुधा तसाच राहतो आणि त्या उद्दिष्टातून शोधाला दिशा मिळत नाही.

तेव्हा रॅम हे उद्दिष्ट म्हणून ठेवावे की मर्यादा म्हणून? आणि तेच नेटवर्क वेगळ्या सीडने (सुरुवातीचे यादृच्छिक आकडे ठरवणाऱ्या संख्येने) शिकवल्यावर चुकांचा आकडा हलतो, त्याचा निवडीवर होणारा परिणाम कसा आवरावा? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण प्रश्न नेमका मांडला आहे, त्यामुळे उत्तरही नेमके देता येते.

रॅम निःसंशय मर्यादा म्हणूनच ठेवा. आपल्या बोर्डावर ३० केबीचे नेटवर्क ३९ केबीच्या नेटवर्कपेक्षा कोणत्याही अर्थाने सरस नाही. दोन्ही मावतात, एवढेच. एनएसजीए-२ च्या मूळ मांडणीतच मर्यादांची सोय आहे: मर्यादेत बसणारा उमेदवार न बसणाऱ्यावर मात करतो, दोन्ही बसत नसतील तर कमी उल्लंघन करणारा जिंकतो आणि दोन्ही बसत असतील तरच नेहमीची तुलना होते. हाच उपाय चुकीलाही लावा. १० टक्क्यांहून अधिक चुकणारे नेटवर्क आपण कधीच वापरणार नसाल, तर ते शोधालाही सांगितले पाहिजे. चिमुकल्या नेटवर्कांची गर्दी त्यानेच हटेल. फक्त बाइट आणि टक्के यांची सरळ बेरीज करू नका, प्रत्येक उल्लंघनाला त्याच्या मर्यादेने भागून मग बेरीज करा.

सीडमुळे होणारी हालचाल मला अधिक गंभीर वाटते. ४,००० नमुन्यांवर ९५ टक्के अचूकता मोजली, तर केवळ नमुन्यांच्या निवडीमुळे येणारी प्रमाण त्रुटी सुमारे ०.३४ टक्के-बिंदू असते आणि सीडचा फरक त्यावर आणखी. एनएसजीए-२ मध्ये पालक आणि अपत्ये एकत्र करून उत्तम निम्मे राखले जातात, त्यामुळे एकदा नशिबाने चांगला आकडा मिळालेले नेटवर्क पुन्हा न तपासता पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. पहिल्या फ्रंटमधील नेटवर्क दर काही पिढ्यांनी नव्या सीडने शिकवून त्यांची सरासरी धरा. गूगलच्या संशोधकांनी ‘अमीबानेट’ या चित्रे ओळखणाऱ्या नेटवर्कसाठी वापरलेल्या उत्क्रांतीत सर्वांत जुना उमेदवार काढून टाकला जात असे. त्यामुळे नशिबाने वर आलेल्यांचा मुक्काम आपोआप आटोपतो. तेही करून पाहण्यासारखे आहे.

तेवढ्याच वेळात यादृच्छिक शोध काय देतो, हेही अवश्य मोजा. लियाम ली आणि अमित तलवालकर यांनी २०१९ मध्ये दाखवले होते, की अशी साधी तुलना अनेक गाजलेल्या पद्धतींना जड जाते. एनएसजीए-२ त्याच्या स्पष्ट पुढे नसेल, तर आधी शोधाचा अवकाश सुधारावा लागेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. रॅम आणि चूक या दोन्ही मर्यादा भागाकारासह घातल्या आहेत आणि उद्दिष्टे म्हणून आता चूक व वेळ एवढीच उरली आहेत.

एक गोष्ट अजून विचारते. वेळ वाचवण्यासाठी मी प्रत्येक उमेदवाराला थोडेच इपॉक (संपूर्ण संचावरील फेऱ्या) शिकवते. त्यात उथळ नेटवर्क लवकर स्थिरावतात आणि खोल नेटवर्कांना आपली ताकद दाखवायला अवधीच मिळत नाही, असे त्यांच्या शिकण्याच्या आलेखांवरून वाटते. यासाठी सर्वांचे इपॉक वाढवावेत, की दर काही पिढ्यांनी केवळ आघाडीच्या नेटवर्कांना पूर्ण शिकवून थोड्या इपॉकचा क्रम आणि पूर्ण शिक्षणाचा क्रम किती जुळतो हे तपासावे? आणि जुळत नसल्यास, चुकीवर १० टक्क्यांची जी मर्यादा घातली आहे ती या अर्धवट आकड्यांना लावणे कितपत योग्य ठरेल?